पुसट अक्षरांच्या तबकड्या

मराठी घरात भांडे विकत घेतले आणि त्यावर नाव घातले नाही, असे सहसा घडत नाही. दुकानदार भांडे तोलतो, भाव सांगतो, आपण थोडीफार घासाघीस करतो, आणि पैसे मोजून झाले की तो सहज विचारतो, "नाव काय घालायचं?" मग कोपऱ्यात बसलेला पोऱ्या ते टोचण्याचे यंत्र हातात घेतो, कर्रकर्र आवाज होतो, आणि पातेल्याच्या कडेला आपले आडनाव, तारीख, क्वचित प्रसंगदेखील उमटतो. आमच्याकडे एक पितळी तांब्या आहे. त्याला तीन ठिकाणी पोचे आले आहेत, काठ वाकडा झाला आहे. पण पोटावरचे आजीचे सासरचे नाव अजून बोटाने वाचता येते. ज्या बाईचा एक फोटोदेखील घरात नाही, तिचे नाव पाणी पिताना हाताला लागते.

हे सांगण्याचे कारण असे, की आमच्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, नावे घालण्याची हीच हौस होती. फक्त त्यांनी ती भांड्यांवर घातली नाहीत, तबकड्यांवर घातली. आणि टोचून नव्हे, तर उजेडाने घातली.

तबकडी म्हणजे सीडी. २००५ साली अण्णा नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कपाटात शंभरावर कॅसेटी होत्या. त्यांत विकतची गाणी थोडी. बाकी सगळा घरचा माल. आईच्या ओव्या, वडिलांचे रामरक्षा म्हणणे, मुंजीतला गोंधळ, कुठल्याशा रविवारी मामाने वाजवलेली पेटी, आणि पुतण्याचे पहिले बोबडे बोल. कॅसेटची फीत ओढली जाते, तिला बुरशी लागते, आवाज दबतो. म्हणून अण्णांनी ठरवले की हे सारे तबकड्यांवर उतरवायचे. दोन वर्षे हा उद्योग चालला होता. अशा एकूण ७२ तबकड्या झाल्या.

आता तबकडीवर नाव कसे लिहायचे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आपण सीडीची चकचकीत बाजू जिवापाड जपतो आणि वरची बाजू टेबलावर खुशाल घासतो. वस्तुस्थिती उलटी आहे. तबकडीचे प्लॅस्टिक १.२ मिलिमीटर जाड असते आणि लेसरचा किरण खालून ते सारे ओलांडून वर पोचतो. ज्या रंगाच्या थरात आवाज साठवलेला असतो तो थर आणि त्यावरचा धातूचा मुलामा हे दोन्ही वरच्या बाजूला, लाखेसारख्या एका पातळ लेपाखाली असतात. तिथे बॉलपेनने जोर देऊन नाव लिहिणे म्हणजे भिंतीवर तसबीर लावताना नळात खिळा ठोकण्यासारखे. कागदी चिकटपट्टी लावावी तर ती उन्हाळ्यात सुटते, आणि कणभर वाकडी बसली की तबकडी फिरताना थरथरते. अण्णांना हे सारे वाचून ठाऊक होते. ते नळात खिळा ठोकणाऱ्यांपैकी नव्हते.

त्यामुळे २००७ साली ते लॅमिंग्टन रोडवर गेले आणि लाइटस्क्राइबचे यंत्र घेऊन आले.

ही युक्ती अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या कॉरव्हॅलिस गावी, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत काम करणाऱ्या डॅरिल अँडरसन नावाच्या अभियंत्याला सुचली. २००४ साली ती जाहीर झाली आणि २००५ च्या सुमारास बाजारात आली. कल्पना अशी की ज्या लेसरने तबकडीवर आवाज कोरायचा, त्याच यंत्रात तबकडी उलटी घालायची आणि वरच्या बाजूला नाव उमटवायचे. त्यासाठी खास तबकड्या लागत. त्यांच्या पाठीवर सोनेरी-मातकट रंगाचा एक लेप असे, आणि लेसरचा किरण जिथे पडेल तिथे तो लेप काळपट होई. हा किरण ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. साध्या सीडीसाठी १९८२ पासून हाच वापरात होता. शाई नाही, कागद नाही, छपाई नाही. त्या आधी, २००२ साली, जपानच्या यामाहा कंपनीनेही लेसरने चित्र काढण्याची एक तऱ्हा आणली होती. पण ती तबकडीच्या खालच्या बाजूला, आवाज भरून उरलेल्या रिकाम्या कड्यावर चित्र काढी. ते म्हणजे पत्राच्या उरलेल्या अर्ध्या पानावर पत्ता लिहिण्यासारखे. लाइटस्क्राइबने पाकिटालाच जागा दिली.

रात्री जेवणे झाली की अण्णांचा हा सोहळा सुरू होई. आवाज उतरवून झाला की यंत्राचा खण बाहेर येई, अण्णा तबकडी कडेने अलगद धरून पालथी करीत आणि खण आत ढकलीत. मग वीस-पंचवीस मिनिटे नुसती घरघर. आतून बाहेर, वर्तुळामागे वर्तुळ, अक्षरे उमटत जात. माझ्या पुतण्याला, छोटूला, त्या वेळी वाटे की आत कुणी बसून लिहिते आहे. आमची सौभाग्यवती मात्र ह्या सोहळ्याने कधीच भारावली नाही. तिने आमच्या घरच्या तबकड्यांवर जाड काळ्या मार्करने, 'गणपती आरत्या', 'शमाचे लग्न १', 'शमाचे लग्न २' असे ठसठशीत लिहून टाकले. अण्णांनी ते पाहिले आणि फक्त म्हणाले, "वहिनी, शाईतलं द्रावण आत झिरपलं तर?" ती म्हणाली, "झिरपेल तेव्हा बघू." (अण्णा भावजयीला वहिनी म्हणत. आमच्या घरी ती एक जुनी गंमत होती. तिची हकीकत इथे नको.)

खरे सांगायचे तर अण्णांची अक्षरे ताजी असतानाही फिकीच होती. यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या चित्रात काळेभोर फूल असे. घरी निघे ते राखाडी. तबकडी समोर धरली तर काही नाही, जरा तिरपी केली की ओळी उगवत. पाहुणे आले की अण्णा त्यांच्या हातात तबकडी देत, आणि पाहुणे बिचारे ती आरशासारखी हलवीत बसत. अण्णा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी एका वहीत उपायांची नोंदच ठेवली होती.

पहिला उपाय प्रतीचा. नाव उमटवताना कच्ची, मध्यम आणि उत्तम अशा तीन प्रती निवडता येत. कच्ची लवकर होई, पण ती पेन्सिलीने लिहिल्यासारखी. उत्तम प्रतीला वेळ लागे, कारण किरण जवळजवळ वर्तुळे काढी. दुसरा उपाय गडदपणाचा. कंपनीने मागाहून एक छोटी आज्ञावली दिली होती. ती चालू केली की उमटवायला वेळ जास्त लागे आणि रंग गडद चढे. तिसरा उपाय बहुतेकांना ठाऊक नसे. प्रत्येक जातीच्या तबकडीचा लेप निराळा, त्याला लागणारी उष्णता निराळी. तबकडीच्या मधल्या भोकाभोवती बारीक रेघांचे एक कडे असते. त्यावरून यंत्र तबकडीची जात ओळखते आणि त्याप्रमाणे किरण चालवते. पण संगणकातली आज्ञावली जुनी असेल आणि तबकडी नवी, तर ती तिच्या ओळखीची नसते, आणि अनोळखी पाहुण्याला आपण वाढतो तसे यंत्रही हात राखून वाढते. आज्ञावली ताजी करून घेतली की पुष्कळदा एवढ्यानेच अक्षर सुधारे. बाकी किरकोळ गोष्टी सांगायला हव्यात असे नाही: लेपावर बोटांचे ठसे नकोत, भिंगावर धूळ नको.

चौथा उपाय मला सगळ्यांत मौजेचा वाटतो. तेच नाव त्याच तबकडीवर पुन्हा उमटवायचे. ते रेघांचे कडे असल्यामुळे तबकडी कोणत्या कोनात आहे हे यंत्राला नेमके कळते. त्यामुळे दुसऱ्या खेपेची अक्षरे पहिल्या अक्षरांवर केसभरही न सरकता बसतात. आपण गिरवायला बसलो तर अक्षर जाड आणि वेडेवाकडे होते. हे यंत्र मात्र गिरवून काळे करते आणि रेघ होती तेवढीच ठेवते. अट एकच. चित्र तेच हवे. एक वेलांटी जरी इकडची तिकडे केली तरी दोन्ही अक्षरे एकमेकांवर चढतात आणि वाचता येत नाहीत, कारण ह्या लेपावरचे काही पुसता येत नाही.

इतके करूनही अण्णांची अक्षरे मुळात फिकी राहण्याचे खरे कारण ह्या कोणत्याच सदरात बसत नाही. यंत्राला आवडतात जाड, भरीव, ठोकळ अक्षरे. अण्णा लिहीत बारीक. त्यातून आपली लिपी. तिच्यात नाजूक रेघा, काने, मात्रा, रफार. आणि नुसते नाव लिहून अण्णांचे भागत नसे. एका तबकडीवर दहा-दहा, बारा-बारा ओळी. त्यांतली एक आता माझ्या वहीत उतरवलेली आहे, ती देतो:

'तबकडी ३१. आईच्या ओव्या. १९८३, दिवाळीचा दुसरा दिवस. तिसऱ्या ओवीत कुकरच्या तीन शिट्ट्या. मागे खोकतात ते वडील. "पुरे आता" म्हणणारा आवाज कुणाचा ते ठरत नाही, काकू असावी.'

ही माहिती तबकडीच्या पोटात नाही. घरी केलेल्या आवाजाच्या सीडीला नुसते आवाज ठाऊक असतात. बोलणारे कोण, साल कोणते, शिट्टी कुठल्या घरातल्या कुकरची, हे तिला कुणी सांगितलेले नसते. ते सारे पाठीवर, त्या राखाडी ओळींत.

२०१३ च्या सुमारास कंपनीने ह्या प्रकारातून अंग काढून घेतले. तोवर लोकांनी तबकड्या घेणेच कमी केले होते. गाणी फोनमध्ये शिरली होती. अण्णा २०१९ साली गेले. आणि गेल्या वर्षी त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली. चाळीस वर्षांचा संसार महिनाभरात खोक्यांत भरायचा होता. एके दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या त्या सीड्या घेऊन येते. वाजतात का नाही ते छोटू बघेल. तुम्ही फक्त अक्षरं आहेत का गेली तेवढं बघा."

मी म्हटले, "पण आधी वाजतात का हे महत्त्वाचं नाही का?"

"आवाज मी सगळे ऐकलेत हो," त्या म्हणाल्या. "ते लिहिलेलं मात्र कधी नीट वाचलंच नाही. तेव्हा तेही होते, अक्षरंही होती."

अण्णांनी आयुष्यात रोजनिशी लिहिली नाही. पत्रे लिहिली ती कचेरीच्या भाषेत: 'इकडील सर्व कुशल, तिकडील कळवावे.' वहिनींना माहेरी पाठवलेले पत्रदेखील ह्याच थाटाचे असे, असे त्याच हसून सांगतात. घरच्या माणसांबद्दल त्यांनी मोकळेपणाने काही लिहिले असेल तर ते ह्या ७२ तबकड्यांच्या पाठीवर. त्यामुळे वहिनींचे म्हणणे मला उशिरा नव्हे, तिथल्या तिथे पटले.

तबकड्या दोन ठिकाणी ठेवलेल्या होत्या. २० दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, खिडकीसमोर. उरलेल्या ५२ लोखंडी ट्रंकेत, प्रत्येक आपल्या डबीत. काचेच्या कपाटातल्या होत्या त्या अण्णांच्या लाडक्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. आणि नेमक्या त्याच सर्वांत फिक्या झाल्या होत्या. ट्रंकेतल्या सावत्र म्हणून बाजूला पडलेल्या, त्या मात्र बऱ्यापैकी शाबूत. ह्यात दैवाचा काही खेळ नाही, रसायनाचा आहे. एटीएममधून निघणारी पावती आठवा. ती खिशात ठेवली की महिन्याभरात कोरी होते. जुन्या फॅक्सचा कागदही तसाच. त्या कागदात शाई नसतेच; मुळात रंगहीन असलेला एक रंग आणि त्याला रंगात आणणारे आम्ल अशी जोडी त्यात असते. उष्णता लागली की दोघे एकत्र येतात आणि काळे उमटते. काळाच्या ओघात, उन्हात, दमटपणात ही सोयरीक पुन्हा ढिली होते. लाइटस्क्राइबचा लेप ह्याच कुळातला. त्यात लेसरचा किरण शोषून उष्णता करणारा आणखी एक घटक घातलेला, इतकेच. घरातल्या साध्या उजेडात निदान दोन वर्षे रंग जाणवण्याइतका उतरणार नाही, एवढेच त्याविषयी सांगितलेले होते. इथे तर पंधरा-सोळा वर्षे झाली होती, आणि वीस तबकड्यांवर रोज पश्चिमेचे ऊन.

उजेडाने लिहिलेले उजेडानेच पुसले, असे एखादा कवी म्हणेल. त्याला म्हणू द्यावे. मला अक्षरे वाचायची होती.

त्यासाठी यंत्रापेक्षा आधी डोळ्यांची सोय केली. खोलीचे पडदे ओढले, टेबलावर काळा कागद पसरला, त्यावर तबकडी ठेवली आणि हातातली बॅटरी अगदी आडवी, टेबलाला टेकेल इतकी खाली धरली. वरून उजेड पाडला तर तबकडी नुसती चमकते. बाजूने पाडला की लेपावर जिथे जिथे किरण फिरला होता तिथला पृष्ठभाग जरा वेगळा दिसतो. रंग गेलेला असला तरी वाट शिल्लक असते. बॅटरी हळूहळू तबकडीभोवती फिरवायची. एका बाजूने 'आईच्या' दिसते, दुसऱ्या बाजूने 'ओव्या'. माझ्या सौभाग्यवतीने वही घेतली आणि मी वाचीन ते ती लिहून घेऊ लागली. सत्तरीच्या घरातले दोघे भर दुपारी अंधार करून बॅटरी फिरवीत बसलेले पाहून आमच्या कामवाल्या मावशी दारातूनच परत गेल्या होत्या.

ह्या रीतीने ५८ तबकड्या वाचून झाल्या. पुढच्या ११ माझ्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. छोटूने त्यांचे फोनवर फोटो घेतले, रंग काढून टाकला, काळ्या-पांढऱ्यातले अंतर ताणले, आणि पडद्यावर बोटांनी मोठे करून दाखवले. कोऱ्या दिसणाऱ्या तबकडीवरून एकदम अण्णांची ओळ वर आली: 'इथे टेप संपली. मामा पेटी वाजवतच राहिले.' तीन तबकड्या मात्र कशालाच दाद देईनात.

इकडे छोटूने आवाज उतरवून घेण्याचे काम आधीच संपवले होते, आणि ते त्याने योग्यच केले. अक्षर गडद करण्यापूर्वी आतला आवाज सुरक्षित जागी नेऊन ठेवावा, हा क्रम कुणीही पाळावा. कारण आवाजाचा थरही रंगाचाच आहे आणि तोही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. ७२ पैकी ६९ वाजल्या. तिघी मुक्या निघाल्या. त्या तिघी अक्षरे गेलेल्या तिघींपैकी नव्हेत. एकीचे नाव राहिले आणि आवाज गेला, दुसरीचा आवाज राहिला आणि नाव गेले.

मग गिरवण्याचा प्रश्न निघाला. अण्णांचा संगणक माळ्यावर होता. तो खाली काढला, पुसला, चालू केला. आतल्या घड्याळाची बटणसेल केव्हाच मेलेली, त्यामुळे त्याच्या मते साल २००२ होते; म्हणजे हे लाइटस्क्राइबचे यंत्र अजून निघालेलेच नव्हते. पण तो सुरू झाला, आणि 'नावे' ह्या एका कप्प्यात अण्णांनी केलेली चित्रे एकाखाली एक निघाली. त्या काळच्या आज्ञावलीत मराठी जोडाक्षरे तुटत, म्हणून अण्णा मजकूर आधी चित्र म्हणून काढीत आणि मगच यंत्राला देत. त्या वेळी घरातल्या सर्वांनी ह्या खटाटोपाची चेष्टा केली होती. आता त्या खटाटोपामुळेच मूळ अक्षर जसेच्या तसे हाती होते. ७२ पैकी ६० चित्रे मिळाली. कोऱ्या पडलेल्या तिघींपैकी दोघींची त्यांत होती, म्हणजे तेवढा मजकूर तरी परत आला. तिसरीची वही कोरीच राहिली. ती वाजते, कुणीतरी बायका हसताहेत, मागे रेडिओ आहे, आणि कोण, कुठे, केव्हा, हे सांगणारे कुणी नाही. वहिनींनी दोनदा ऐकली. "एक आवाज माझा आहे," इतकेच त्या म्हणाल्या.

छोटूचे म्हणणे पडले की मिळालेली साठही पुन्हा गिरवून काढू. मी हिशेब केला: एका तबकडीला पंचवीस मिनिटे, दोनदा गिरवली तर पन्नास, साठांना पन्नास तास. त्या यंत्राचा लेसर तेवढा टिकेल की नाही याची शाश्वती नाही, आणि पुन्हा तसे यंत्र मिळणे कठीण. मला वाटत होते की मजकूर वहीत उतरला, चित्रे जपली, आवाज जपला. आता तबकडीच्या पाठीवर मेहनत कशाला? हे मी बोलूनही दाखवले. वहिनींनी ऐकून घेतले. मग त्यांनी ढिगातून एकेक तबकडी काढून दोन भाग केले. एका भागात १४ आल्या. कोणत्या निकषाने, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

त्या चौदांचे काम चार रात्री चालले. पहिली तबकडी पालथी घालून खण आत ढकलला, घरघर सुरू झाली, आणि छोटू, जो आता स्वतः बाप झाला आहे, खणाला कान लावून बसला. निघाली तेव्हा अक्षर स्पष्ट उठले होते. दुसरीवर तितके नाही. आणखी एकदा घातल्यावर ती सुधारली. चौदांपैकी अकरा चांगल्या झाल्या. तिघींचा लेप काही केल्या रंग धरीना. त्यांतल्या दोघी काचेच्या कपाटातल्या. अकराच्या अकरा आता काळ्या पिशवीत, ट्रंकेत गेल्या आहेत. दिवाणखान्यात एकही नाही.

चौदांखेरीज वहिनींना तबकडी ४७ही हवी होती, पण तिचे चित्र संगणकात नव्हते, त्यामुळे ती गिरवता आली नाही. पंधरावी निवडा म्हटले तर त्या नको म्हणाल्या. ४७ वर मी बॅटरीने वाचलेला मजकूर असा: 'छोटूचे बोबडे बोल, १९८६, जुलै. सौ. मध्येच विचारते, चहा ठेवू का. उत्तर देत नाही, कारण टेप चालू आहे. शेवटची दोन मिनिटे नुसता पाऊस. पुसला नाही.'

आम्ही ती लावली. छोटूच्या मुलीला आपला बाप बोबडा बोलतो याचे फार हसू आले. मग लांबून, स्वयंपाकघरातून, वहिनींचा अडतीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, "अहो, चहा ठेवू का?" आणि त्यावर कुणी काही बोलले नाही. नंतर पत्र्यावर पाऊस. वहिनी म्हणाल्या, "हा आपल्या मागच्या गॅलरीचा पत्रा. दर पावसात गळायचा. ह्यांनी दर वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी बदलू." पाऊस संपला, खट्ट झाले, आणि आमची सौ. चहा ठेवायला आत गेली.

तबकडीचे तसे बरे चालले आहे. अडचण आता संगणकाची आहे. वहिनी नव्या जागेत जातील तेव्हा तो बरोबर यायचाच, हे नक्की. तो मोडीत घालण्याची गोष्ट काढणाऱ्याशी त्या दोन दिवस बोलत नाहीत. छोटू म्हणतो, माळ्यावर टाकू. पण नव्या इमारतीच्या नकाशात माळा दाखवलेला नाही.